उणे पन्नास टक्के पाणी म्हणजे किती? विद्यार्थ्यांच्या माहिती साक्षरतेविषयी

दर उन्हाळ्यात सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो : उजनी धरण उणे अमुक टक्के. २०२४ च्या उन्हाळ्यात तर हा आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. धरणात शून्यापेक्षा कमी पाणी असेल कसे, हा प्रश्न ऋण संख्या शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला पडायला हवा. पण बहुतेकांना तो पडत नाही. मथळ्याचे छायाचित्र घरच्या ग्रुपवर जाते, ‘आता आठ दिवसांत नळ कोरडे पडणार’ अशी पुस्ती कोणीतरी जोडते आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या टाक्या काठोकाठ भरलेल्या असतात.

उत्तर फारसे अवघड नाही. उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. एक टीएमसी म्हणजे अंदाजे २,८३२ कोटी लिटर. यांपैकी साधारण ५३.५ टीएमसी हा उपयुक्त साठा आणि उरलेला सुमारे ६३.५ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे धरणाच्या तळाकडचे, नेहमीच्या मार्गाने सोडता न येणारे पाणी. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे ‘उणे पन्नास’चा अर्थ असा की, उपयुक्त साठा संपला असून मृत साठ्यातलेही सुमारे २७ टीएमसी पाणी गेले आहे आणि धरणात अजून ३७ टीएमसीच्या आसपास पाणी आहे. मात्र त्यात गाळ आहे, आणि पाण्याची पातळी खाली गेल्यामुळे शहरासाठी दुबार, कधी तिबार पंपिंग करावे लागते. म्हणून ‘पाणी संपले’ हे जितके चुकीचे, तितकेच ‘३७ टीएमसी आहे, मग चिंता कसली’ हेही चुकीचे.

हे समजून घ्यायला अभियंता असावे लागत नाही. टक्के कशाचे, मोजणी कोणाची, आकडा कोणत्या तारखेचा आणि यातून काय सिद्ध होत नाही, एवढे विचारण्याची सवय लागते. या सवयीचे शास्त्रीय नाव माहिती साक्षरता. आपल्या शाळा-महाविद्यालयांत ती जवळजवळ शिकवलीच जात नाही.

संकल्पना नेमकी काय आहे

हा शब्दप्रयोग १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी राष्ट्रीय ग्रंथालय आयोगाला सादर केलेल्या एका अहवालात केला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने त्याची आजही वापरली जाणारी व्याख्या दिली. आपल्याला माहितीची गरज आहे हे ज्याला ओळखता येते, ती माहिती शोधता येते, पारखता येते आणि योग्य रीतीने वापरता येते, तो माहिती साक्षर. २००५ मध्ये युनेस्कोच्या सहभागाने झालेल्या अलेक्झांड्रिया जाहीरनाम्यात तर आजन्म शिकत राहण्याचा पाया म्हणून तिचा उल्लेख आला.

संगणक साक्षरता ही वेगळी गोष्ट आहे. ज्या मुलाला दहा सेकंदांत फोनवर कोणताही व्हिडिओ सापडतो, ते मूल आपल्याला ‘हुशार’ वाटते. परंतु त्याचे कौशल्य यंत्र चालवण्याचे आहे. सापडलेल्या गोष्टीवर कितपत विसंबायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. व्याख्येतला पहिला भाग तर आपण पार विसरतो. आपल्याला काहीतरी माहीत नाही, हे आधी लक्षात यावे लागते. उजनीच्या मथळ्यापाशी अडखळणे, हीच ती पहिली पायरी.

पाठ्यपुस्तकाने लावलेली सवय

विद्यार्थी भोळे आहेत किंवा आळशी आहेत, असे मला वाटत नाही. त्यांनी दहा-बारा वर्षे जे वाचले, ते सगळे आधीच कोणीतरी तपासलेले होते. बालभारतीचे पुस्तक मुलाच्या हातात पडण्यापूर्वी त्यावर विषयतज्ज्ञांची समिती बसलेली असते, मजकुराची छाननी झालेली असते आणि चूक राहिलीच तर दुरुस्ती निघते. परीक्षेत उत्तर एकच, ते पुस्तकात किंवा गाईडमध्ये, आणि बहुधा प्रश्नाच्या शब्दांतच. या व्यवस्थेत ‘हे कोण सांगते आहे?’ असे विचारणारा विद्यार्थी गुण गमावतो, निदान वेळ तरी गमावतो.

तोच विद्यार्थी त्याच नजरेने फोनच्या पडद्याकडे पाहतो. तेथे हवामान खात्याचा इशारा, एखाद्या क्लासची जाहिरात आणि कोणाचा तरी मनचा मजकूर एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच टंकात, एकाखाली एक येतात. शोधयंत्रावर पहिल्या क्रमांकावर दिसणारे पान सर्वांत खरे असते, हा समज तर पदवीच्या विद्यार्थ्यांतही पक्का आहे. प्रत्यक्षात हा क्रम शब्दांचा मेळ, पानाची लोकप्रियता यांसारख्या अनेक गोष्टींवर ठरतो आणि वरच्या काही जागा तर सरळ विकलेल्या असतात. ‘प्रायोजित’ हा बारीक शब्द डोळ्यांना दिसतो; त्याचा अर्थ मनापर्यंत पोहोचतोच असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत माध्यमिक वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना, तसे स्पष्ट लिहिलेले असूनही, प्रायोजित मजकूर ही खरी बातमीच वाटली होती. ही मुले अमेरिकेतली होती. आपल्याकडे परिस्थिती वेगळी असेल, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

तपासणीचे जे काम पूर्वी संपादक, समिती आणि ग्रंथपाल करत होते, ते आता वाचणाऱ्याकडे आले आहे. काम आले, पण ते कसे करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

पान सोडून बाहेर पडा

स्टॅनफर्डच्याच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी आणखी एक प्रयोग केला. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे दाखवून त्यांची विश्वासार्हता ठरवायला सांगितले. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. एक १९३० मध्ये स्थापन झालेली, हजारो डॉक्टरांची मुख्य संघटना. दुसरी २००२ मध्ये विशिष्ट सामाजिक मतांवरून वेगळा झालेला छोटा गट. दोन्हींची नावे सारखी भासणारी, आणि दोन्ही संकेतस्थळे नीटनेटकी. बहुसंख्य विद्यार्थ्यांना दुसऱ्या संस्थेचे पान अधिक विश्वसनीय वाटले आणि नामवंत इतिहासकारांतलेही अनेक जण गोंधळले. तपासनीस मात्र एकमताने आणि झटकन योग्य उत्तरापर्यंत पोहोचले.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. विद्यार्थी आणि इतिहासकार त्या पानावरच थांबून ते वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत राहिले. बोधचिन्ह, संदर्भसूची, भाषा, ‘आमच्याविषयी’ हा विभाग, सगळे पाहत राहिले. तपासनिसांनी पान जेमतेम पाहिले, लगेच नवीन खिडक्या उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधले. अभ्यासकांनी याला आडवे वाचन म्हटले आहे.

सोलापूरच्या वाचकाला हे फार समजावून सांगावे लागू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरात कधीच न विणलेल्या चादरी त्याच नावाने परगावी विकल्या जातात आणि त्यांवरचे लेबल छापील, सुबक, सोलापूरचेच नाव मिरवणारे असते. चादर अस्सल आहे का, हे आपण लेबल पुन्हा पुन्हा वाचून ठरवत नाही, आणि ती विकणाऱ्यालाही विचारत नाही. विणकामातल्या माणसाला दाखवतो.

हाच नियम प्रवेशाच्या हंगामात लावून पाहावा. बारावीच्या निकालानंतर ‘शासनमान्य’, ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असे शिक्के असलेल्या जाहिराती घरोघरी पोहोचतात. मान्यतेचा पुरावा त्या संस्थेच्या माहितीपत्रकात शोधण्यात अर्थ नाही. विद्यापीठ अनुदान आयोग मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आणि बोगस विद्यापीठांची यादी, अशा दोन्ही याद्या आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. सोलापूर जिल्ह्यातले महाविद्यालय पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असल्याचे सांगत असेल, तर ते विद्यापीठाच्या यादीत दिसले पाहिजे. दहा मिनिटांचे काम आहे. ते टाळल्यामुळे तीन वर्षे आणि फीचे पैसे वाया जाऊ शकतात.

राईनपाडा

माहिती पारखता न येण्याची किंमत नेहमी पैशांतच मोजली जाते, असे नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते, आणि मृतांपैकी बहुतेक जण आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे संदेश व्हॉट्सॲपवरून सर्वत्र फिरत होते.

त्याच वर्षी देशभर पसरलेली एक चित्रफीत या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून पळून जातात आणि फीत संपते. ती मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्यासाठी एका संस्थेने ती तयार केली होती आणि तिच्या शेवटी तेच दोघे परत येऊन मुलाला सोडतात व पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका हा शेवट कापून उरलेला भाग भारतात फिरवला गेला. म्हणजे चित्रे खरी होती, घटना नाट्यरूप होती, देश दुसरा होता आणि अर्थ नेमका उलटा झाला होता.

‘डोळ्यांनी पाहिले’ हा आपल्याकडचा सर्वांत मोठा पुरावा. माहिती साक्षरता नेमके त्याच ठिकाणी थांबायला सांगते. ही फीत कोठली आहे, कधीची आहे, आधी आणि नंतर काय झाले, आणि गावात खरेच मूल हरवले असेल तर पोलीस ठाण्यात त्याची नोंद आहे का? शेवटचा प्रश्न एका फोनने सुटला असता. छायाचित्राच्या बाबतीत उलटा शोध, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला देऊन ते आधी कोठे कोठे प्रसिद्ध झाले ते पाहणे, हे आठवीतल्या मुलालाही जमते. राईनपाड्यानंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फार वेळा पुढे ढकलल्या गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसण्याची सोय नंतर आली. त्या बाणाचा अर्थ किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हे कोणत्याही वर्गात विचारून पाहावे.

एकाच घटनेच्या अनेक नोंदी

सगळीच तफावत लबाडीतून येत नाही, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे. त्यासाठी १९३० चे सोलापूर हा उत्तम धडा आहे. मे महिन्यातला गोळीबार, शहरातून उठलेले इंग्रजांचे राज्य, त्यानंतर लागू झालेला मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना झालेली फाशी, हा इतिहास येथील प्रत्येक मुलाने चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर ऐकलेला असतो. मात्र सोलापूर किती दिवस स्वतंत्र होते, असे शोधले तर कोठे तीन दिवस सापडतात, कोठे चार. मोजणी कोणत्या घटनेपासून सुरू करायची, यावर हा आकडा हलतो. सरकारी कागदांत जमाव ‘दंगलखोर’ आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत तोच जमाव ‘जनता’ आहे. दोन्ही नोंदी त्या काळाच्याच आहेत, आणि दोन्ही लिहिणाऱ्यांना काहीतरी पटवून द्यायचे आहे.

हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात एक दुपार घालवून या नोंदी शेजारी शेजारी ठेवणारा विद्यार्थी इतिहासाबरोबर पुराव्याचे वजन करायलाही शिकतो. मूळ कागद, त्यावर लिहिलेले पुस्तक आणि पुस्तकावरून तयार झालेला भ्रमणध्वनीवरचा मजकूर या तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर काही गळते, काही वाढते.

‘आता एआय आहे, मग हे सगळे कशाला?’

हा आक्षेप सध्या सर्वांत जास्त ऐकू येतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि गृहपाठाचे स्वरूपच बदलले. प्रश्न टाकला की स्वच्छ भाषेत, आत्मविश्वासाने लिहिलेले उत्तर येते. मग पारखायचे काय?

पारखायचे ते याचसाठी की, या प्रणाली मुळात भाषेच्या आहेत. प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित होऊन त्या पुढचा शोभणारा शब्द कोणता, याचा अंदाज बांधतात. अनेकदा शोभणारे आणि खरे एकच निघते. जेव्हा निघत नाही, तेव्हाही वाक्याचा डौल कमी होत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने दिलेले जुने निवाडे न्यायालयात सादर केले. निवाड्यांना नावे होती, क्रमांक होते, उतारेही होते. त्यांतले सहा निवाडे कधी झालेच नव्हते. वकिलांना आणि त्यांच्या फर्मला न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. कायद्याची पदवी घेतलेल्यांची ही गत, तर अकरावीच्या विद्यार्थ्याचे काय?

यावर बंदी हा उपाय मला पटत नाही, आणि ती टिकणारही नाही. एआयकडून संदर्भ मागावा आणि तो संदर्भ स्वतः उघडून पाहावा, एवढा नियम वर्गात घालता येतो. सोलापूरविषयी विचारताना तर दक्षता अधिक हवी, कारण मुंबई-पुण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याविषयी, आणि तेही मराठीत, आंतरजालावर मजकूर कमी आहे. जेथे मजकूर कमी, तेथे अंदाजाला वाव जास्त.

‘अभ्यासक्रम आधीच जड आहे’

शिक्षकांची ही तक्रार रास्त आहे. निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे यांत बुडालेल्या माणसाला आणखी एक विषय देणे निर्दयपणाचे होईल. सुदैवाने वेगळ्या विषयाची गरज नाही. आजचे प्रकल्प पाहा : स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रे, संकेतस्थळावरून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर आणि शेवटी ‘संदर्भ : गूगल’. गूगल हा संदर्भ नव्हे; ग्रंथालयाचा पत्ता लिहून पुस्तकाचे नाव वगळण्यासारखेच ते झाले. त्याच प्रकल्पात पानांची संख्या निम्मी करून एक परिच्छेद मागावा : ही माहिती कोठून घेतली, तीच का निवडली आणि दुसरीकडे काय वेगळे सापडले? शिक्षकाचा तपासण्याचा वेळ उलट वाचेल.

उतरवण्याची ही सवय शाळेत मोडली नाही, तर ती पुढे महागात पडते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार शोधप्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. त्यापुढे ते ४० टक्क्यांपर्यंत असले तर प्रबंध सुधारून पुन्हा सादर करावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. पीएच.डी.च्या वयात श्रेय कसे द्यायचे हे पहिल्यांदा शिकणारे संशोधक आपल्याकडे आहेत, हे नाकारून चालणार नाही.

‘मग कशावरच विश्वास ठेवायचा नाही का?’

असा समज झाला तर सगळा खटाटोप फुकट जाईल. सर्वांवर संशय घेणारा विद्यार्थी आणि सर्वांवर विश्वास ठेवणारा विद्यार्थी, दोघेही पारखण्याचे कष्ट टाळतात. ‘सगळेच विकले गेले आहेत’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा शेवटी आपल्या आवडीचे सांगणाऱ्या एखाद्या यूट्यूब वाहिनीवर जाऊन स्थिरावतो.

विश्वास कोठे ठेवायचा, याच्या खुणा असतात. पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ असे परिपत्रक फिरू लागले की त्यावर जावक क्रमांक, तारीख आणि वर्ष, सही करणाऱ्याचे पद, तालुक्यांची नावे पाहावीत. बऱ्याचदा आदेश खरा, पण मागच्या वर्षीचा किंवा दुसऱ्या जिल्ह्याचा असतो. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक दिलेला असतो आणि तो टाकला की मूळ निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उघडतो. तेथे तो नसेल, तर फिरणाऱ्या कागदाला थांबवायला एवढे पुरे.

‘मराठीत तपासायला आहेच काय?’

हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, सातबारा आणि शासन निर्णय मराठीत आहेत. परंतु विज्ञान, आरोग्य, अर्थकारण यांतले ताजे व तपासलेले साहित्य मराठीत थोडे आहे, आणि मुलांना इंग्रजीकडे वळावेच लागते.

सोलापूरच्या वर्गाकडे मात्र एक जमेची बाजू आहे, जी पुण्याच्या वर्गाकडे सहसा नसते. येथे एका बाकावर घरी तेलुगू बोलणारे मूल असते, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर उर्दू. कर्नाटकातून सीमेपलीकडची म्हणून आलेली अफवा कन्नड वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरात पाच मिनिटांत तपासली जाऊ शकते, आणि आडव्या वाचनाला याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही. सुरुवात कांद्याने करता येईल. विजयपूर-कलबुर्गीकडचे शेतकरीही सोलापूरच्या बाजार समितीत कांदा आणतात. एखाद्या दिवशीची कांद्याच्या दराची बातमी मुलांनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वर्तमानपत्रांतून आणावी आणि तिच्याशेजारी त्याच दिवशीचे बाजार समितीचे किमान, कमाल व सर्वसाधारण दर आणि आवक लिहावी. मथळ्यात यांपैकी कोणता दर आला आहे, आणि त्या दराने प्रत्यक्षात किती पोती विकली गेली असतील, यावर एक तास सहज जाईल.